हिरडस मावळातली शिकेकाई

माघ महिना लागला होता. पहाटेच्या गारठ्यात घरातून निघालो, जेजुरीला गाडी बदलली, सासवडला पुन्हा बदलली आणि नारायणपूरच्या अंगाने कापूरहोळला आलो. तिथून भोरच्या एस.टी.त बसलो तेव्हा नऊ वाजले होते. मांडीवर एक रिकामी कापडी पिशवी होती. शेजारच्या गृहस्थांनी पिशवीकडे पाहून विचारले, "भोरला काय, बाजाराला?"

"नाही. शिकेकाई आणायला."

गृहस्थ हसले. "अहो, ती तर कुठल्याही किराणा दुकानात मिळते. पुडीतली. त्यासाठी एवढी यातायात?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण पुडीतली शिकेकाई आम्ही वापरून पाहिली होती आणि तिने आमचे समाधान झाले नव्हते. शिवाय खरे सांगायचे तर शिकेकाई हे अर्धे कारण होते. भोर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटाच्या अलीकडच्या एका वाडीत, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली होती. ती डोळ्यांनी पाहून यावी असे बरीच वर्षे मनात होते. वाचकहो, दोन्ही गोष्टी सांगतो, कारण त्या एकाच वेलीच्या आहेत.

घरातले कारण

मागच्या पावसाळ्यात आमच्या सौभाग्यवतींना विषमज्वर झाला. तीन आठवडे अंथरूण सुटले नाही. गणपती गेले, दसरा गेला, अंगात हळूहळू ताकद आली. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मात्र त्यांच्या हातात केसांचा पुंजका आला. पुढे रोज उशीवर केस, फणीत केस, न्हाणीघराच्या मोरीत केस. गुडघ्याला टेकणारी वेणी बोटाएवढी झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या गेल्या नाहीत. "डोकं दुखतंय," एवढेच म्हणाल्या. मी काय ते समजलो.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले ते सर्वांनी ऐकण्यासारखे आहे. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस निघतो. निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस असे गळतात. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार अशा धक्क्याने पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. मूळ जिवंत असते, म्हणून केस परत येतात. त्याला सहा महिने, कधी अधिकही लागतात. त्यांनी रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन बाईमाणसाचे १२ तरी असावे, ते साडेनऊ निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

प्रश्न उरला डोके धुण्याचा. आमचे घर बारामती तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टापूत. बोअरचे पाणी इतके जड की तांब्याच्या बंबात पांढरा थर धरतो आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. अंगाच्या साबणाला फेस येत नाही, केसांवर मात्र चिकट राप बसतो. टाळू कोरडी पडून खाजू लागली. तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही भोरला असताना आणायचात ती शिकेकाई आता मिळेल का?"

डोक्याचा सामू

मी शेतीचा पदवीधर. माणसाच्या केसांचे शास्त्र मला शिकवलेले नाही, पण माती आणि पाणी यांचे शिकवले आहे आणि इथे तेच उपयोगी पडले. माती परीक्षणाच्या अहवालात 'सामू' हा शब्द आपण सारे वाचतो. सात म्हणजे ना आम्ल ना विम्ल. सातच्या खाली आम्ल, वर विम्ल. आपल्या त्वचेचा सामू साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. साबणाचा नऊ-दहा, म्हणजे चांगलाच विम्ल. विम्ल पाण्याने केसावरचे खवले उघडतात, केस राठ होतात, एकमेकांत गुंततात. चोपण जमिनीची जी दशा, काहीशी तीच केसांची होते असे म्हणा.

त्यात पाणी जड असले तर दुसरी अडचण. जड पाण्यातील चुना साबणाशी संयोग पावतो आणि न विरघळणारा राप तयार होतो. तोच बादलीच्या कडेला दिसतो आणि तोच केसांवर बसतो.

शिकेकाई आणि रिठा यांच्यात सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. ते मळ व तेल सोडवते, पण चुन्याशी राप धरत नाही. शिवाय शिकेकाईचे पाणी आम्ल बाजूचे. मी घरी सामूचा कागद बुडवून पाहिला, तो पाचाच्या जवळ गेला. आपल्या आज्या-पणज्यांनी कागद बुडवला नव्हता. केसांवरून हात फिरवून त्यांना ते कळले होते.

रिठ्याच्या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी सॅपिंडस हे नाव दिले, त्याचा अर्थच मुळी 'हिंदुस्थानचा साबण'. आणि शांपू हा शब्द परदेशी वाटतो, तो आपल्याच 'चाँपना'वरून, म्हणजे अंग-डोके चेपण्यावरून गेलेला आहे. पाटण्याचे साके दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे चंपीची हमामे चालवली, तेव्हापासून तो इंग्रजीत रुळला. शब्द तिकडे गेला, बाटलीत बसला आणि पुडीतून आपल्या वाडीवर परत आला.

शांपू वाईट असे मी म्हणणार नाही. तोही जड पाण्यात राप धरत नाही आणि घाईच्या दिवशी उपयोगी पडतो. पण बांधावर जे फुकट उगवते त्याची किंमत ते तोडल्यावर कळावी, हे बरे नव्हे. हे मी इतरांना शिकवण्यासाठी लिहीत नाही. ते तोडायला सांगणारा मीच होतो.

नीरेच्या उगमाकडे

भोरला उतरून घाटाकडे जाणारी गाडी पकडली. पूर्वी भोर हे पंतसचिवांचे संस्थान. राजवाडा मागे पडला की डोंगर जवळ येऊ लागतात. नीरा देवघर धरणाचे पाणी रस्त्याच्या सोबतीला येते. त्या सकाळी पाण्यावर धुके होते आणि पलीकडच्या डोंगराचे फक्त माथे दिसत होते. हा सारा हिरडस मावळ. बाजीप्रभू देशपांड्यांचा मुलूख. हिरड्याच्या झाडांवरून हे नाव पडले असे इथले लोक सांगतात, आणि रस्त्याच्या कडेची झाडे पाहिली म्हणजे ते पटते. हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, उताराला नाचणी-वरीची वरकस जमीन आणि खाली भाताची खाचरे. आंबेमोहोर शिजला की शेजारच्या घरी कळायचे, असा हा भाग.

याच रस्त्यावर पुढे शिरगावला नीरेचा उगम आहे. इथे नीरा ओंजळीत मावते. मग ती देवघरच्या धरणात साठते, पुढे वीरच्या धरणात येते आणि कालव्याने आमच्या शिवारात पोचते. आमच्या विहिरींत मुरेपर्यंत ती जमिनीतला क्षार आणि चुना घेऊन जड होते. इथल्या झऱ्याच्या पाण्याला मात्र साबण नुसता दाखवला तरी फेस येतो. नदी एकच, पण उगमाला एक चव आणि कालव्याच्या टोकाला दुसरी. गाडीच्या खिडकीत बसून मला वाटले, आमच्या जड पाण्याचा उतारासुद्धा या नदीने आपल्या उगमाशीच ठेवला आहे.

हिर्डोशी मागे टाकून एका वळणावर उतरलो. वाडी रस्त्यापासून अर्ध्या तासाच्या चढणीवर. पाऊलवाट ओळखीची होती, गुडघे मात्र तेव्हाचे राहिले नव्हते.

माझी चूक

१९९८ साल. मी या तालुक्यात नव्याने रुजू झालो होतो. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना १९९० पासून चालू होती आणि तिने राज्यात ठिकठिकाणी पडीक जमिनीवर बागा उभ्या केल्या. योजना चांगलीच. माझ्या अंगात उत्साहही होता. वाडीतल्या एका कुटुंबाची अर्धा एकर वरकस जमीन मी आंब्यासाठी निवडली. साठ खड्डे आखले. आड आली ती तालीवरची काटेरी जाळी. शिकेकाईचे दोन जुने वेल, मनगटाएवढे जाड, एका करंजावर चढून पसरलेले. कोपऱ्यात रिठ्याचे एक झाड. मी म्हटले, "ही अडगळ काढून टाका. जागा मोकळी करा."

घरातल्या आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "मंग डोई कशानं धुवायची, साहेब?"

आम्ही सगळे हसलो. मी म्हणालो, "दुकानात साबण मिळतो की, आजी."

दोन दिवस कोयते चालले. जाळी पेटवली तेव्हा शेंगा तडतडल्या. तो आवाज मला अजून आठवतो.

पुढच्याच पावसाळ्यात ताल फुटली. जाळीच्या मुळ्यांनी ती धरून ठेवली होती हे फुटल्यावर कळले. मुरूम वाहून खालच्या भातखाचरात गेला. आंब्याचेही जमले नाही. घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस, जेमतेम वीतभर माती, वारा आणि मोहोराच्या वेळी धुके. जे पुस्तकात वाचून आलो होतो ते दुसऱ्या जमिनीचे होते. माझी बदली झाली आणि ताल बांधायला मी तिथे नव्हतो.

आजींची गाठ

वाडीत पोचलो तेव्हा ऊन अंगणात आले होते. धाकट्या सूनबाईंनी ओळखले नाही. नाव सांगितल्यावर आतून आवाज आला, "आंब्याचं साहेब काय?"

आजी आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. डोळ्यांना कमी दिसते. भिंतीला टेकून उन्हात बसल्या होत्या. केस अगदी पांढरे, पण दाट, आणि मानेवर घट्ट अंबाडा. मी वाकून नमस्कार केला. कोरा चहा आला. काय बोलावे मला सुचेना. शेवटी म्हटले, "आजी, त्या वेळी मी चुकलो. ताल फुटल्याचं मला मागाहून कळलं."

"फुटली व्हय," त्या म्हणाल्या. "दोन साल खाचर पिकलं न्हाई. मंग पोरांनी दगडं रचली." थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "तुमी तरी काय, नवं हुता. पर इचारायचं हुतं. म्या सांगितलं असतं."

मी मान खाली घातली. खरेच, मी विचारले नव्हते. सांगायला मात्र गेलो होतो.

साठापैकी अकरा कलमे उभी आहेत. तीन-चार वर्षांतून एकदा दहा-वीस फळे धरतात. थोरले चिरंजीव मला ती दाखवायला घेऊन गेले, आणि तिथेच तालीच्या वळणावर मला दिसली ती शिकेकाईची जाळी. पंचवीस वर्षांच्या आतली, तरणी. दगडी बांधावरून वर चढून शेजारच्या झाडावर पसरलेली, वाळक्या शेंगांनी लगडलेली.

"ही कुठली?"

"आयनं लावली," ते म्हणाले. "जाळी पेटवली त्याच्या आदी तिनं वटीभर शेंगा काढून ठिवल्या हुत्या. बांध रचला तवा बी टाकलं."

वेल ओळखावी कशी

आपल्याकडे बऱ्याच जणांची इथे गफलत होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. शिकेकाई हा काटेरी, चढणारा मोठा वेल. पाने चिंचेसारखी बारीक पानांची. कोवळा पाला चाखला तर आंबट लागतो. काटे मागे वळलेले, अंगावरचे कापड सोडत नाहीत. फुले पिवळसर पांढऱ्या गोंड्यांची, बाभळीच्या फुलासारखी गोल. शेंग बोटाएवढी लांब, जाडसर. ओली असताना मांसल आणि वाळल्यावर तांबूस तपकिरी व सुरकुतलेली, दोन बियांच्या मध्ये किंचित आवळलेली.

चिल्हार हाही असाच काटेरी वेल आणि दोन्ही एकाच जाळीत सापडतात. पण चिल्हारीची फुले पिवळीधमक, तुऱ्याने येणारी, आणि शेंग चपटी, टणक, टोकाला चोच असलेली. ती डोक्याच्या उपयोगाची नाही.

पौष-माघात शेंगा वाळतात. लांब काठीला आकडी बांधून त्या ओढाव्यात, वेल तोडू नये. आजींच्या घरची रीत अशी की हाताला लागतील त्याच काढायच्या. उंचावरच्या पाखरांना आणि बियाण्याला. रिठा आता त्यांच्या बांधावर नाही. तो देवराईतून येतो आणि तिथे नियम कडक आहे: झाडाला हात लावायचा नाही, पडलेले फळ वेचायचे.

आजींचे पाणी

त्या दिवशी घरात न्हाणे होते. नातीचे केस धुवायचे होते. आजींनी मला चुलीपाशी बसवले आणि सारे दाखवले. त्या मुठीने मोजत होत्या, मी वहीत आकडे मांडत होतो. लांब केसांच्या एका डोक्याला पुरेल असे प्रमाण पुढे देतो.

शिकेकाईच्या आठ-दहा शेंगा फोडून बिया काढून टाकाव्यात. चार रिठे फोडून आतली काळी बी काढावी. मूठभर वाळलेल्या आवळ्याच्या फोडी घ्याव्यात. हे सारे दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावे. भांडे मातीचे किंवा स्टीलचे असावे. लोखंडी भांड्यात आवळा काळा पडतो. काही बायका पांढऱ्या केसांसाठी मुद्दाम तसे करतात, पण त्याने पांढरा केस काळा होत नाही, फार तर रंगाची झाक येते.

सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळू द्यावे. फार उकळू नये. कोमट झाले की हाताने कुस्करावे, फेस येतो. मग फडक्यातून गाळून घ्यावे. गाळणे महत्त्वाचे, नाहीतर चोथ्याचे कण केसांत अडकतात आणि ते कोंड्यासारखे दिसतात.

केस आधी साध्या कोमट पाण्याने भिजवावेत. मग हे पाणी थोडे थोडे ओतून बोटांच्या पेरांनी टाळू चोळावी, नखांनी नव्हे. डोळे घट्ट मिटावेत, कारण शिकेकाई आणि रिठा दोन्ही डोळ्यांना फार झोंबतात. लहान मुलाचे डोके मागे करून धुवावे. डोळ्यात गेलेच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून काढावे. बाजारच्या शांपूएवढा फेस येणार नाही. फेस कमी म्हणून मळ राहिला असे समजू नये. शेवटी साध्या पाण्याने केस चांगले धुवावेत.

मऊपणासाठी आजी एक गोष्ट करतात. जास्वंदीची सात-आठ पाने पाण्यात चुरगळून त्याचा बुळबुळीत रस गाळून केसांना लावतात, पाच मिनिटे ठेवतात आणि धुऊन टाकतात. जास्वंद नसेल तेव्हा तांदळाचे धुवण. हे पाणी आठवड्यातून एकदा पुरते. ज्यांचे केस कोरडे आहेत त्यांनी आदल्या रात्री थोडे खोबरेल लावावे आणि रिठा कमी घालावा. रिठ्याने केस कोरडे होतात.

काढा दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो, त्यानंतर आंबतो. वाळलेल्या शेंगा मात्र पाणी लागू न देता डब्यात ठेवल्या तर वर्षभर राहतात. कुटताना नाका-तोंडाला फडके बांधावे. पूड श्वासात गेली की शिंकांनी जीव हैराण होतो आणि दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो. पहिल्यांदा वापरणाऱ्याने कानामागे थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी. पुरळ आले तर सोडून द्यावे.

विकतची पूड घेणाऱ्यांसाठी एक खूण. खरी शिकेकाईची पूड तपकिरी असते आणि आंबूस-तुरट वास मारते. हिरवीगार, अत्तराच्या वासाची, भरघोस फेस देणारी पूड असली तर तिच्यात दुसरे काहीतरी मिसळलेले आहे असे समजावे.

तीन गोष्टी मनावर घ्या

पहिली. रिठ्याचे पाणी माशांना विषारी आहे. ते पोटात घेऊ नये, आणि चोथा व उरलेले पाणी ओढ्यात किंवा शेततळ्यात टाकू नये. उकिरड्यावर टाकावे.

दुसरी. डोक्यात चाई पडली, खवले धरून जखमा झाल्या, मुलाच्या डोक्यात गजकर्णाची चकंदळे उठली, तर ते काम काढ्याचे नाही. दवाखान्यात दाखवा. केस फार गळत असतील तर आधी रक्त तपासा. आमच्या घरचा अनुभव वर सांगितलाच आहे.

तिसरी मी हात जोडून सांगतो. माझ्या नोकरीत मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. उवा झाल्या म्हणून पिकावरचे कीटकनाशक मुलीच्या डोक्याला चोळतात. डोक्याच्या कातडीतून ते अंगात भिनते. मूल बेशुद्ध पडते, जीव जातो. फवारणीचे औषध, मग ते एक थेंब असो की पाण्यात मिसळलेले असो, डोक्याला कधीही लावू नये. उवांसाठी ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दोन-तीन आठवडे नेमाने फिरवावी, घरातल्या सर्वांची डोकी एकाच वेळी पाहावीत आणि गरज पडल्यास आरोग्य केंद्रातून औषध आणावे.

घाटाच्या तोंडाशी

परतीची गाडी संध्याकाळची होती. मध्ये वेळ होता म्हणून एका ओळखीच्या जीपमधून वरंध घाटाच्या तोंडापर्यंत गेलो. वाघजाईच्या देवळाजवळ चहा-भज्यांची दुकाने आहेत. तिथे उभे राहिले की खाली कोकण उघडते. समोर कावळ्या किल्ल्याची धार आणि दरीच्या पोटात शिवथर. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, पण माघात तो शांत असतो.

दुकानाशेजारी दोन बायका शेंगांच्या पाट्या घेऊन व्यापाऱ्याच्या टेम्पोची वाट पाहात होत्या. शेंगांत काड्या, पाने, ओल्या-सुक्या सगळ्या एकत्र. असा माल पडेल त्या भावाने जातो. मी त्यांच्याशी बोललो. या वेळी आधी विचारले. त्या म्हणाल्या, वेगळं करायला वेळ कुठला आणि साठवायला जागा कुठली? रास्त प्रश्न होता. बचत गटाने एकत्र येऊन शेंगा निवडल्या, कडक वाळवल्या, बिया काढून गोणीत भरल्या तर भाव मागता येतो. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याने वनात राहणाऱ्या लोकांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. ग्रामसभेत त्याची विचारणा करा, एवढे मी सांगितले. त्यातल्या एकीच्या ओच्यात शांपूच्या चार पुड्या होत्या. आम्ही दोघांनी त्या पाहिल्या आणि दोघेही काही बोललो नाही.

पिशवी परत आली

निघताना आजींनी पिशवी भरून शेंगा दिल्या. पैसे घेईनात. सूनबाईंच्या हातात बळेच ठेवले. मग आजींनी पदराच्या गाठीतून थोड्या बिया काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या.

"लावा साहेब," त्या म्हणाल्या. "आता इचारून लावा."

घरी आल्यावर रविवारी सौभाग्यवतींचे डोके मीच धुतले. आमच्याच जड पाण्यात काढा केला होता. केस वाळल्यावर त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "चिकट नाही लागत." टाळूची खाज दोन-तीन आठवड्यांत थांबली. फाल्गुनात कपाळाच्या कडेला बारीक, मऊ केस उभे राहिलेले दिसले. लेकीने आनंदाने हाक मारली, "बाबा, शिकेकाईनं केस आले!"

मी तिला खरे ते सांगितले. केस येणारच होते. ताप जाऊन सहा महिने झाले होते, रक्त भरून आले होते. शिकेकाईने टाळू स्वच्छ आणि शांत ठेवली, येणाऱ्या केसाला त्रास होऊ दिला नाही. तिचे काम एवढेच आणि ते थोडे नाही. तिला न जमणारे काम तिच्या नावावर लिहिले तर उद्या कोणी भाबडेपणाने औषध सोडून तिच्या मागे लागेल.

सौभाग्यवती ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "ते असू दे. बियांचं काय केलंत?"

बिया मी उकळून खाली उतरवलेल्या गरम पाण्यात रात्रभर ठेवल्या. फुगल्या त्या पिशव्यांत लावल्या. बारा लावल्या, सात उगवल्या. आमच्या कोरड्या भागात त्या तग धरणार नाहीत. इकडच्या वाचकांनी रिठा किंवा हिंगणबेट बांधावर लावावे. हिंगणबेटाच्या गरानेही मळ निघतो, पूर्वी रेशमी वस्त्रे त्याने धूत. या सात रोपांची जागा मी ठरवून ठेवली आहे. मृगाचा पाऊस पडला की ती घेऊन वाडीवर जायचे. ताल जिथे फुटली होती तिथे दगडांच्या वरच्या अंगाला अजून एक मोकळा पट्टा आहे. थोरल्या चिरंजीवांना विचारले. ते म्हणाले, "या. खड्डं आमी खणून ठिवतो."

या खेपेला खड्डे कुठे घ्यायचे ते आजी सांगणार आहेत.